घडीतली ओल

१ जुलै १९८८, शुक्रवार

पुन्हा आग सुटली. छातीच्या खाली दोन्हीकडे, आणि पोटाची वळी जिथे मांडीवर टेकते तिथे, आत. पोळ्या लाटताना घाम ओघळत तिथपर्यंत गेला आणि मी लाटणं ठेवून ओट्याला धरून उभी राहिले. यांचा डबा भरून झाला होता, ते बरं.

नाव लिहीत नाही. ही डायरी यांना कंपनीत कुणा सप्लायरने दिलेली. कपाटात असते आणि कपाटाला कुलूप नाही. 'क्ष' म्हणेन. शाळेत बीजगणितातला क्ष कधी सुटला नाही, तो आता अंगावर येऊन बसलाय.

३ जुलै, रवि.

हे एप्रिलपासून हॉलमध्ये दिवाणावर झोपतात. कारण दिलं, "पहिल्या पाळीला पहाटे उठतो, तुझी झोपमोड होते." लग्नाला तेवीस वर्षं झाली, पहाटे उठणं पहिल्यापासूनचं आहे. माझ्या झोपेची काळजी यंदाच्या एप्रिलात उगवली.

खरं कारण मला ठाऊक आहे. क्षला वास येतो. ओलं फडकं बादलीत विसरलं की येतो तसा, आंबूस. मला येतो म्हणजे शेजारी झोपणाऱ्याला येणारच. बोलले नाहीत, उशी उचलून गेले. बोलले असते तर मी भांडले तरी असते.

आता अख्खा पलंग माझा. मधोमध झोपून पाहिलं. जमलं नाही, परत आपल्या कडेला सरकले.

७ जुलै

दिवसातून तीनदा आंघोळ चालली आहे. लाल साबण, घोसाळ्याच्या जाळीने खसाखसा. घाण असेल तर निघेल ना कधीतरी. निघत नाही. मग पावडर. वळीत शिरली की तासाभरात तिचा लगदा होतो आणि तो काढताना आणखी सोलवटतं.

हे पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "आज फार वेळा बाथरूममध्ये?" म्हटलं, पाणी जाणार आहे, भरून ठेवते. "बरं," म्हणाले. यांचं सगळ्याला बरं. आमटी खारट झाली तरी बरं, करपली तरी बरं. पूर्वी हाच माणूस फोडणीच्या वासावरून जिन्यात ओळखायचा की आज काय केलंय. आता मी काय ताटात वाढते याच्याशी यांना घेणं-देणं उरलेलं नाही.

११ जुलै, सोम.

उल्हासनगरला जाऊन आले. इथे अंबरनाथला, पूर्वेच्या बाजारात, औषधवाल्याची बायको माझ्याच भजनी मंडळात, तिथे तोंड उघडायची सोय नाही. तिथल्या सिंधी कॅम्पातलं एक औषधांचं दुकान पाहिलं, गर्दी कमी होईपर्यंत शेजारी पापड-लोणच्यांचे भाव विचारत उभी राहिले. दुकानदार सिंधी म्हातारा, सोन्याचा दात.

"क्या तकलीफ है, माताजी?"

"खाज का मलम."

"किधर है खाज?"

तोंडातून निघालं, "मिस्टर को है. पाँव में."

देव क्षमा करो. यांच्या पायाला काही झालेलं नाही. "दाद का है तो ये लो, एकदम कडक," म्हणून त्याने गजकर्णाची ट्यूब दिली.

१२ जुलै

कडक म्हणजे कडकच. रात्री लावलं ते तिखट लावल्यासारखं. सकाळी कातडी पापुद्र्यांनी निघाली. ब्लाउज अंगाला लागू देवेना. यांना सांगितलं, पाठ भरली आहे, आणि साडी गुंडाळून पंख्याखाली फरशीवर पडले.

हे दारात आले. "बाम चोळून देऊ?"

"नको नको. लांबच राहा."

मग चपला घातल्याचा आवाज आला. मला पाहिजे होतं की त्यांनी हट्टाने आत यावं, आणि आले असते तर मी ओरडले असते. असलं हे माझं डोकं.

१९ जुलै

मालतीकडे नीलूचा फोन आला. आमच्याकडे फोन नाही, समोरच्या ब्लॉकमध्ये मालतीकडे येतो. मुलगी नागपूरला, वर्षातून दोनदा भेटते.

"आई, बरी आहेस ना? आवाज असा का येतोय?"

मालती तिथेच टॉवेलला हात पुसत उभी. हात केव्हाच कोरडे झाले होते. म्हटलं, "लाइन खराब आहे गं." नीलूला एकटीला सांगता आलं असतं तर सांगितलं असतं का? कोण जाणे. पोरीला आईच्या पोटाच्या वळ्या काय सांगायच्या.

२८ जुलै

भजनाला तिसऱ्यांदा नाही गेले. सतरंजीवर बायका मांडीला मांडी लावून बसतात. मागच्या वेळी माझ्या शेजारची पदराने नाक पुसत होती. सर्दी असेल. नसेलही.

मालतीकडेही आता खुर्चीवर बसते, दाराजवळच्या. ती म्हणते, सुमनताई, अशा पाहुण्यासारख्या काय बसता? मी म्हणते, इथे वारा लागतो.

दुपारी कुणाशीच बोलले नाही. चारला दूधवाला आला तेव्हा स्वतःचा आवाज घोगरा वाटला. एकटं वाटतं. लिहून टाकलं, आता खोडत नाही.

८ ऑगस्ट

जुन्या फोटोतली मी पाहिली. ही मुलगी लग्नात उभी राहिली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, हिला फुंकर मारली तर पडेल. आता क्रेन लागेल. नीलूच्या वेळी वाढले ते वाढतच गेले. हसू आलं आणि हसताना पोटाची वळी चुरचुरली.

१९ ऑगस्ट, श्रावणातला पहिला शुक्रवार

जिवतीची पूजा, पुरणाचा नैवेद्य, सवाष्ण जेवायला. सवाष्ण दरवर्षी मालतीच.

सोवळ्याची साडी काल धुऊन मधल्या खोलीत उंच दांडीवर टाकली होती. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली, पण त्यांची काठी अजून कोपऱ्यात उभी आहे आणि त्यांचा नियमही. साडी काठीने टाकायची, काठीने काढायची, मधे कुणी शिवायचं नाही. उन्हात गच्चीवर टाकली तर दहा जण शिवणार. मग श्रावणात ती वाळणार कशी? वाळत नाहीच. तेवीस वर्षं श्रावणात मी ओलसर लुगडंच नेसत आले. सासूबाई म्हणायच्या, अंगावर वाळतं.

आज अंगावर वाळलं नाही. पुरण शिजवायचं, वाटायचं, पोळ्या लाटायच्या, गॅसची धग पुढून आणि ओलं कापड चिकटलेलं. नैवेद्य दाखवून वाकले तेव्हा वळीत चर्रकन काहीतरी फाटलं. नंतर बघितलं, चीर पडून रक्त. मालतीला लांबून वाढलं, हात लांब करून, जशी काही तिचीच मला शिवाशीव. तिने ओटी घेतली आणि निमूट गेली.

जिवतीसमोर मागायचं मुलाबाळांसाठी. मी आज स्वतःसाठी मागितलं. बरं कर नाहीतर कुणालातरी कळू दे.

२२ ऑगस्ट, सोम.

गेले. बदलापूरला, एकच स्टेशन पुढे. तिथे लेडी डॉक्टर आहे असं कुणीतरी सुनेसाठी सांगत होतं ते कानावर होतं. तिथे मला ओळखणारं कोणी नाही, हा तिचा मोठा गुण.

बाकावर शेजारी बारवी धरणाकडच्या पाड्यावरची एक बाई, कडेला चारेक महिन्यांचं गुटगुटीत पोर. इतकं गुटगुटीत की मान दिसत नव्हती. मी नेहमीप्रमाणे सरकून बसले. तिच्या लक्षात नाही आलं, तिला बोलायला माणूस पाहिजे होतं. म्हणाली, "दूध गलतं नं मानंत जातं. मंग लाल व्हतं. रडतंय रातभर." पोराची हनुवटी वर करून दाखवली. मानेच्या वळीत लालभडक, ओलं, मधे बारीक चीर.

मी बघतच राहिले. हुबेहूब माझं. वळीच्या वरच्या बाजूला जेवढं लाल तेवढंच खालच्या बाजूला, शाईचा डाग घडी घातलेल्या कागदावर उमटतो तसं. वासही तोच. आणि ती बाई त्या मानेत नाक खुपसून त्याचा मुका घेत होती.

माझा नंबर तिच्यानंतर. डॉक्टरीण तरुण, नीलूहून चार वर्षांनी मोठी असेल. पडदा ओढला. मी तोंड भिंतीकडे केलं. तिने बॅटरीने बघितलं.

"कधीपासून?"

"मार्च."

"आणि आज आलात?"

मग एकदम म्हणाले, "मी रोज तीनदा धुते हो. घाणेरडी नाहीये मी."

ती बॅटरी बंद करून म्हणाली, "घाण नाहीच ही. धुऊन धुऊन तर तुम्ही वाढवलंत." मग सांगितलं: कातडी कातडीला घासते, घाम अडकतो, वारा लागत नाही. त्या ओलीत बुरशी धरते. मुख्य लालीच्या कडेला जे सुटे बारीक ठिपके आहेत ते बुरशीचे. नुसतं घासून लाल झालं तर ठिपके नसतात. मी त्या बाळाचं विचारलं. "त्याच्या मानेत आत्ता बघितलंत ना? तेच. फक्त त्याला ठिपके नाहीत अजून."

मग विचारलं, कपडे कसले घालता, दिवसभर काय करता. सोवळ्याचं सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं.

"म्हणजे ओलं नेसून गॅससमोर?"

"नैवेद्य होईपर्यंत."

"तुमच्या देवाला चालत असेल. तुमच्या कातडीला नाही चालत."

रागच आला. एवढीशी पोर. स्टेशनवर येईपर्यंत राग होता, मग गाडीत बसल्यावर रडू आलं. बरं वाटून आलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिथे बघितलं आणि तोंड फिरवलं नाही.

२३ ऑगस्ट

डॉ.नी सांगितलेलं, विसरू नये म्हणून. आंघोळ एकदा, फार घाम आला तर दोनदा. साधा साबण, तोही थोडा. घासायचं नाही. टिपायचं. मग पंख्याखाली वळी उचलून धरून पुरतं कोरडं होऊ द्यायचं. मलम पातळ, थापायचं नाही. पावडर नाही. गजकर्णाची ट्यूब कचऱ्यात. वळीत मऊ सुती कापडाची पट्टी, कातडीला कातडी लागू नये म्हणून, आणि ओली झाली की बदलायची. सैल ब्लाउज. पू आला, ताप आला, लाली गरम होऊन पसरायला लागली तर लगेच जायचं. आणि रोज बघायचं, आरशात.

रक्तातली साखरही तपासायला सांगितली आहे. असं पुन्हा पुन्हा होतं तेव्हा बघावी लागते म्हणे.

दार लावून पंख्याखाली उताणी पडून वळी उचलून धरली. कुणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं! पण वारा लागला आणि पाच महिन्यांनी तिथे गार वाटलं.

२४ ऑगस्ट

पट्ट्यांसाठी उल्हासनगरला कटपीसच्या गल्लीत. मऊ मलमल मागितली. दुकानदाराने हाताने चुरगाळून दाखवली. "बच्चे के लिए, बहनजी?"

हो म्हटलं. सोपं होतं.

"पोता या पोती?" मी पैसे काढायला लागले. तो खूश होऊन म्हणाला, "वाधायूं, वाधायूं," सिंधीत अभिनंदन असावं, आणि वीतभर कापड जास्त फाडलं. दुपट्यासारखे चौकोनी तुकडे कापून घरी आले.

२६ ऑगस्ट, दुसरा शुक्रवार

कालपासून मनात चाललं होतं. सकाळी दांडीवरच्या साडीला हात लावून पाहिला, हाताने, काठीने नाही. गारढोण. तिथेच ठेवली. कपाटातली धुतलेली, कोरडी, इस्त्रीची साडी नेसले आणि स्वयंपाकाला लागले. सासूबाईंच्या फोटोकडे पाठ करून पुरण वाटलं. वीज कोसळली नाही.

मालती जेवायला आली, दांडीवर साडी लटकलेली बघितली, माझ्याकडे बघितलं. "आज सोवळं नाही केलंत?" म्हटलं, नाही. जेवली, पण एक पोळी पानात ठेवली. जाताना गॅलरीतल्या दोरीवर ते पांढरे तुकडे दिसले. चेहरा उजळला.

"अगंबाई! नीलूकडे काही...?"

लग्नाला तीन वर्षं झाली नीलूच्या. म्हटलं, "नाही. काचा पुसायला आणलेत."

"मलमलीने काचा!" म्हणाली.

३० ऑगस्ट

साखर काठावर. गोड कमी करा, चाला, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. श्रावणात गोड कमी करा म्हणे.

क्ष बराच उतरला आहे. छातीखालचा तर फिकट गुलाबी. चीर मिटली. वास नाही. मी सारखी हुंगून बघते. नाही.

मालतीने पुढच्या शुक्रवारी दुसरीकडे बोलावणं असल्याचं सांगितलं. तिला सोवळ्यातलाच नैवेद्य लागतो हे मला आज कळलं. समोरासमोर दारं, पंधरा वर्षं.

४ सप्टेंबर, रवि.



सकाळी दूध गॅसवर ठेवून पट्टी बदलायला बाथरूममध्ये गेले. वेळ लागला. बाहेर आले तर घरभर गॅसचा वास, डोकं गरगरेल इतका. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती आणि बटण चालूच. आणि हे, आंघोळ करून, ओट्यापासून दोन हातांवर देवापुढे उभे, काडेपेटी हातात. उदबत्ती लावायला काडी पेटीवर टेकवलेली.

मी ओरडले नाही, धावले. एवढं शरीर घेऊन कशी धावले माहीत नाही. हातावर फटका मारला, काड्या सगळ्या फरशीवर. गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या.

"अगं काय झालं?" हे माझ्याकडे वेड्यासारखे बघतायत.

"वास नाही आला? एवढा वास! नाक आहे का काय आहे तुम्हाला?"

"सर्दी झाली आहे जरा."

सर्दी नव्हती. काल नव्हती, आज नव्हती. मी बघत राहिले तेव्हा खाली बसून काड्या वेचायला लागले. वेचता वेचताच म्हणाले, "तीन वर्षं झाली. नाही येत."

"कशाचा?"

"कशाचाच."

कंपनीत माहीत नाही. प्लँटवर केमिकलची गळती झाली की पहिल्यांदा नाकालाच कळते, आणि हे पाळीचे इनचार्ज. कळलं तर स्टोअरमध्ये नेऊन बसवतील, वह्या मोजत. म्हणून आत शिरताना पोरांना दरडावून विचारतात, "काय रे, येतोय का कसला वास?" पोरांना वाटतं, साहेब परीक्षा घेतायत.

"आणि जेवणाची चव?"

"तिखट कळतं. मीठ कळतं. बाकी... तू केलेलं असतं, बरंच असणार."

खिडकीशी उभी राहिले.

५ सप्टेंबर

काल दुपारभर हलकं वाटत होतं. यांना वास आलाच नव्हता! एप्रिलपासून मी मेल्याहून मेल्यासारखी होऊन बसले ती कशासाठी? यांच्या नाकाला तर माझा पत्ताच नव्हता.

रात्री अंथरुणावर पडले आणि डोक्यात आलं. वासामुळे गेले नाहीत, तर मग कशामुळे गेले? क्षवर मलम आहे. मला कंटाळले असतील तर त्याला कुठे मलम मिळतं?

आणि दुसरी भीती यांची. रोज त्या प्लँटवर बिननाकाचे जातायत. म्हटलं, सांगून टाका साहेबांना. "बघू," म्हणाले. यांचं 'बरं' आणि 'बघू', यात आयुष्य गेलं.

९ सप्टेंबर, शेवटचा शुक्रवार

सवाष्ण कोणी नाही. नैवेद्य दाखवला, यांना पान वाढलं, समोर बसले. किती दिवसांनी समोर बसले. यांनी पुरणपोळीचा तुकडा तोडला तेव्हा विचारलंच.

"हॉलमध्ये का झोपता?"

तुकडा हातातच राहिला. "सांगितलं ना, झोपमोड..."

"खरं सांगा."

वाटीतलं तूप बोटाने फिरवायला लागले. मग म्हणाले, "मार्चमध्ये तू हात झटकलास. दोन-तीनदा. भिंतीकडे तोंड करून झोपायचीस, अगदी कडेला जाऊन. म्हटलं, नको असेल तुला आता. वय झालं. कशाला त्रास द्यायचा?"

मला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. जिभेवर आलं होतं. बोलले काय, तर "अजून एक पोळी घ्या." घेतली. खाल्ली. उठून हात धुतले. आणि मी उष्ट्या पानासमोर बसून राहिले, मूर्खासारखी.

आम्ही दोघं एका घरात राहतो आणि दोघांनाही वाटतं, दुसऱ्याला आपण नकोय.

१७ सप्टेंबर

हे दुपारच्या पाळीवरून आले ते शर्ट काढून माझ्यापुढे धरला. "बघ बरं, काही येतंय?" हुंगला. घाम, वंगण, आणि खाली कुठेतरी आंबट, झोंबणारं. सांगितलं. मान हलवली, "मग तीन नंबरच्या लाइनीकडे बघायला हवं उद्या," म्हणाले.

आता रोज धरतात. मला त्यात बरं वाटतं, हे खोटं कशाला लिहू. पण शर्ट काढून देतात आणि हॉलमध्ये जातात. मी शर्ट घेऊन उभी.

२५ सप्टेंबर, रवि.

आज सांगीन म्हणून तीन वेळा हॉलमध्ये गेले. एकदा पंखा पुसला. एकदा विचारलं, चहा? एकदा नुसतीच परत आले. बदलापूरला सोनिवलीकडे नवीन घरं होतायत, बघायला जायचं का, असं ते आपणहून म्हणाले. कशाला बघायची घरं? आहे त्या दोन खोल्याच आम्हाला जास्त झाल्यात.

बरं झाल्यावर सांगणं आणखी अवघड. आजारी असताना आजाराचं कारण होतं. आता सगळं ठीक, पट्टी फक्त दुपारची लागते. हे आपणहून येणार नाहीत, त्यांचा स्वभाव नाही. मी बोलावलं नाही तर जन्मभर दिवाणावर झोपतील, आणि जाताना म्हणतील, बरं.

३ ऑक्टोबर

पाऊस गेला, ऑक्टोबरचं ऊन आलं. वाळवण घातलं गच्चीवर. घामाने चिंब. जपायला हवं होतं, कंटाळा केला, दोन दिवस पट्टी नाही लावली.

मालतीने कोजागरीला बोलावलंय. म्हणजे माफ केलं वाटतं.

९ ऑक्टो., रवि., दुपार

पोटाच्या वळीत पुन्हा चुरचुर. काल रात्रीपासून. यांचा दाढीचा आरसा घेऊन सगळे प्रकार केले, उभी राहून, वाकून, पलंगावर पाय टाकून. छातीखालचं मला दिसतं, ते ठीक आहे. पोटाच्या खालचं, अगदी आतलं, मला माझ्याच पोटाने दिसत नाही. नुसतं लाल असेल तर कोरडं ठेवायचं. कडेला ठिपके असतील तर मलम सुरू करून बदलापूर गाठायचं. ठिपके आहेत का नाहीत? बोटाला कळत नाही.

आरसा ठेवून दिला. हॉलच्या दारात जाऊन उभी राहिले. हे दिवाणावर पेपर वाचत होते.

"अहो. एक बघून सांगाल?"

"काय?"

सांगितलं. एका दमात, मार्चपासूनचं सगळं. लाली, वास, उल्हासनगरचं मलम, ओलं सोवळं, त्या पाड्यावरच्या बाईचं बाळ. "म्हणून हात झटकला. म्हणून भिंतीकडे. तुम्ही नको म्हणून नाही." शेवटी शेवटी आवाज नीट नव्हता.

ऐकत होते. पेपर मांडीवर. मला वाटलं, आता 'बरं' म्हणतील.

"दुखतं का गं?" म्हणाले.

हो म्हटलं.

"खिडकीशी चल. उजेड आहे तिथे."

उजेडात यांनी मला कधी पाहिलेलं नाही. तेवीस वर्षांत नाही. मीच पाहू दिलं नाही, बारीक होते तेव्हासुद्धा. आता या अवतारात, भर दुपारी.

मधल्या खोलीत येऊन पलंगावर बसले आहे. खिडकीचा खालचा पडदा लावला, वरचा उघडाच ठेवला. हे चष्मा शोधतायत. खण उघडल्या-मिटल्याचे आवाज येतायत. चष्मा फ्रीजवर आहे. सांगायला हवं. एवढी ओळ लिहिते आणि हाक मारते.